आधी ब्लॉगवर, मग ग्रुपवर : नव्याने लिहू लागलेल्या ठाणे-नवी मुंबईकरांसाठी

आपण काही लिहीत नाही असं तुम्हाला वाटतं, पण तुम्ही रोज लिहिता. सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी विचारतं, "डीम्ड कन्व्हेयन्सच्या अर्जाला कागद कुठले जोडायचे?" बिल्डरने न दिलेली जमीन-इमारतीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घ्यायच्या या कामातून तुम्ही नुकतेच गेलेले असता, म्हणून अंगठ्याने वीस ओळी बडवता. त्यावर चार नमस्कार येतात, दोन "छान माहिती" येतात, मग कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा केक येतो आणि तुमच्या वीस ओळी वर सरकून गडप होतात. चार महिन्यांनी दुसऱ्या विंगमधलं कुणी तेच विचारतं.

त्या वीस ओळींना कायमचा पत्ता कसा मिळवून द्यायचा, ते इथे पायरीपायरीने सांगतो. फेसबुक, इन्स्टाग्राम सोडा असं माझं म्हणणं नाही. क्रम बदला एवढंच.

सुरुवातीला ठरवा : वाचक आजचा की नंतरचा?

"उद्या नौपाड्यात पाणी येणार नाही", "गायमुखजवळ ट्रक बंद पडलाय, घोडबंदरने येऊ नका" हे आजच्या वाचकासाठी आहे. ते ग्रुपवर किंवा एक्सवरच टाका, ब्लॉगवर त्याला काही अर्थ नाही. पण कन्व्हेयन्सचा अनुभव, घणसोली गावठाणातल्या जुन्या घरांची माहिती, आजीच्या आगरी कालवणाची कृती, दहावीनंतर डिप्लोमाला प्रवेश घेताना काय काय विचारावं, याचा वाचक आज जागेवर नसतो. तो दोन वर्षांनी रात्री अकरा वाजता गूगलमध्ये प्रश्न टाइप करतो. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये गूगल शिरू शकत नाही, फेसबुकच्या बंद ग्रुपमध्येही नाही. त्या माणसापर्यंत तुमच्या वीस ओळी पोचायच्या तर त्या उघड्या वेबवरच हव्यात.

समाजमाध्यमांची चूक आहे असं नाही, त्यांची रचनाच वेगळी आहे. इन्स्टाग्राम आणि तेव्हाचं ट्विटर, दोघांनीही २०१६ मध्ये वेळेनुसार लागणारा क्रम मागे टाकला. तेव्हापासून कुठल्या पोस्टवर तुम्ही थांबाल, बोट दाबाल, भांडाल, याचा अंदाज बांधून ती वर आणली जाते. या हिशोबात भांडण लवकर वर येतं आणि कागदपत्रांची यादी खाली राहते. दिवाळी पहाटेला राम मारुती रोडवर सगळं ठाणं भेटतं, पण तिथे उभं राहून कुणाला कन्व्हेयन्स समजावता येत नाही. समाजमाध्यमांच्या फीडचं, म्हणजे समोर सरकत राहणाऱ्या पोस्टच्या रांगेचंही तसंच आहे.

शिवाय ही ठिकाणं बंदही पडतात. जिओसिटीज २००९ मध्ये गेलं, ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला, गूगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये. टिकटॉकवर तर जून २०२० मध्ये आपल्याकडे बंदीच आली आणि लोकांनी कमावलेला प्रेक्षक एका रात्रीत गेला. ब्लॉगची सेवाही बंद पडू शकते, हे कबूल. पण ब्लॉग उचलून दुसरीकडे नेता येतो. तो कसा, ते शेवटी सांगतो.

ज्यांचं लिहिणं म्हणजे मॅच चालू असताना मारलेल्या कोपरखळ्या, त्यांनी हे सगळं वाचायची गरज नाही. त्यासाठी एक्स उत्तम आहे.

पायरी १ : विषय फोनमध्येच सापडतो

"कशावर लिहू?" हा प्रश्न घेऊन महिनाभर बसू नका. व्हॉट्सॲप उघडा आणि गेल्या वर्षभरात तुम्ही स्वतः पाठवलेले सगळ्यांत लांब मेसेज शोधा. कुणाला काहीतरी समजावताना लिहिलेले हवेत, फॉरवर्ड नकोत. एकच गोष्ट तुम्ही दोन-तीन जणांना वेगवेगळी समजावलेली असेल तर तीच पहिली नोंद. असे पाच-सहा मेसेज निघाले की ब्लॉगची सुरुवात झाली. ते एका विषयावरचे असायची सक्ती नाही. पक्षी, सोसायटीचे कायदे आणि शाळेतल्या गणिताच्या युक्त्या एकाच ठिकाणी सुखाने नांदतात. तो तुमचा ब्लॉग आहे, त्याला संपादकीय धोरण लागत नाही.

पायरी २ : जागा

फार विचार करू नका. सुरुवातीला दोनच पर्याय पुरेत.

ब्लॉगर १९९९ पासून आहे, २००३ मध्ये गूगलने ते विकत घेतलं. जीमेल खातं असेल तर दहा मिनिटांत सुरू होतं आणि फुकट आहे. दिसायला जुनाट वाटतं, पण नवशिक्याला अडवत नाही. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. त्यात एक घोळ नेहमी होतो, तो आधीच समजून घ्या : वर्डप्रेस डॉट कॉम ही तयार सेवा आहे, तिथे खातं उघडून फुकट लिहिता येतं, पण फुकट ब्लॉगवर ते त्यांच्या जाहिराती दाखवतात. वर्डप्रेस डॉट ऑर्गवर मिळतं ते सॉफ्टवेअर. ते चालवायला होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची जागा, विकत घ्यावं लागतं, अपडेट करावं लागतं, सुरक्षा सांभाळावी लागते. भाचा "मी करून देतो काका" म्हणाला तरी पहिलं वर्ष त्या वाटेला जाऊ नका. भाचा बंगळुरूला जातो आणि साइट वाऱ्यावर पडते.

खर्च करायचाच असेल तर स्वतःच्या डोमेन नावावर, म्हणजे साइटच्या स्वतःच्या पत्त्यावर करा. डॉट इन नाव साधारण काहीशे ते हजारभर रुपयांत वर्षभरासाठी मिळतं. ब्लॉगरला ते फुकटात जोडता येतं, वर्डप्रेस डॉट कॉमवर त्यासाठी पैसे भरून प्लॅन घ्यावा लागतो. याचा फायदा असा की उद्या ब्लॉगर सोडून दुसरीकडे गेलात तरी लोकांकडे असलेला पत्ता तोच राहतो. देवनागरीत डॉट भारत नावंही २०१४ पासून मिळतात. ती दिसायला सुरेख आहेत, पण अजून बऱ्याच जणांना पत्ता रोमन अक्षरांत टाइप करायची सवय आहे, म्हणून मी पहिलं नाव रोमनमध्येच घ्यायला सांगेन. नाव असं निवडा की ट्रान्स-हार्बर लोकलमध्ये शेजारच्याला तोंडी सांगितलं तर त्याला स्पेलिंग विचारावं लागू नये. आणि नूतनीकरण आपोआप होईल असं ठेवा. सोडून दिलेली नावं दुसरेच लोक उचलतात आणि त्यावर नको त्या जाहिराती चिकटवतात.

पायरी ३ : देवनागरी, आणि पत्त्यातला एक खड्डा

फोनवर जीबोर्डमध्ये मराठी जोडा. बोलून टाइप करण्याची सोयही त्यात आहे आणि पहिला कच्चा मसुदा काढायला ती बरीच कामाची आहे, फक्त विरामचिन्हं नंतर हाताने घालावी लागतात. संगणकावर विंडोजमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट कीबोर्ड आधीपासून असतो, फक्त भाषा जोडायची. आठवडाभर बोटं अडखळतात, मग वेग येतो.

तुमच्याकडे जुने लेख पडून असतील, डीटीपीवाल्याकडून श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप करून घेतलेले, तर ते तसेच चिकटवू नका. त्या फाँटमध्ये अक्षरं देवनागरी दिसतात, पण आत साठवलेली नसतात. ब्लॉगवर नुसती गिचमीड उमटते आणि गूगलला ती शोधताही येत नाही. आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या अक्षरांच्या संकेतात, रूपांतर करून घ्या. त्यासाठीचे कन्व्हर्टर फुकट मिळतात. नंतर जोडाक्षरं आणि रफार डोळ्यांनी तपासा, कारण चुका तिथेच होतात.

आता खड्डा. ब्लॉगरवर मराठी शीर्षक दिलंत की पानाच्या पत्त्यात देवनागरी अक्षरं येत नाहीत. तो पत्ता "ब्लॉग-पोस्ट" आणि पुढे एखादा आकडा असा निनावी होतो. दहा लेखांनंतर कुठला पत्ता कशाचा हे तुम्हालाही कळत नाही. म्हणून प्रकाशित करण्याआधी उजवीकडच्या सेटिंगमध्ये पर्मालिंक (पानाचा कायमचा पत्ता) उघडा, कस्टम निवडा आणि रोमन अक्षरांत दोन-तीन शब्द लिहा. एकदा प्रकाशित केल्यावर तो बदलायचा तर लेख पुन्हा मसुद्यात न्यावा लागतो आणि आधी पाठवलेल्या लिंका तुटतात. वर्डप्रेसचा त्रास उलटा आहे. तिथे देवनागरी पत्ता बनतो, पण कॉपी करून व्हॉट्सॲपवर टाकला की टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांची हातभर माळ तयार होते आणि माणसं तिला व्हायरस समजून हात लावत नाहीत. तिथेही "स्लग" नावाच्या चौकटीत छोटा रोमन शब्द द्या.

पायरी ४ : पहिली नोंद

समजा तुम्ही सीवूड्सला राहता आणि फ्लेमिंगो बघायला जाता. विषय चांगला आहे, शिवाय माहिती स्थानिक आहे. ठाणे खाडीला २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून जाहीर केलं, २०२२ मध्ये ती रामसर, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची, पाणथळ ठरली. याच्या बातम्या सगळ्यांकडे आहेत. तुमच्याकडे जे आहे ते बातमीत नसतं.

फेसबुकवर तुम्ही लिहाल : "गुलाबी पाहुणे आले!" आणि चार फोटो. तिथे ते शोभतं. ब्लॉगवर शीर्षक असं द्या : "नेरुळच्या डीपीएस तलावावर फ्लेमिंगो बघायला किती वाजता जावं?" जो शोधतोय तो हेच टाइप करणार आहे.

पहिल्या परिच्छेदातच उत्तर द्या. भरती आली की खाडीतली चिखलपट्टी पाण्याखाली जाते, पक्ष्यांना चरायला जागा उरत नाही, आणि ते जवळच्या उथळ पाणथळींवर येऊन थांबतात. ओहोटी लागली की परत चिखलावर. म्हणून घड्याळ बघून उपयोग नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघायचं आणि भरतीच्या आसपास पोचायचं. ऐरोलीहून निघणारी फ्लेमिंगो बोटफेरीही भरतीवरच ठरते, म्हणून तिची वेळ रोज बदलते.

मग तुमचं स्वतःचं : कुठल्या तारखेला गेलात, भरती किती वाजता होती, पक्षी तलावाच्या कुठल्या बाजूला होते, सूर्य डोळ्यांवर येत होता का, स्टेशनवरून चालत किती वेळ लागला, दुर्बीण नसली तर काय दिसतं. हंगाम साधारण नोव्हेंबर-डिसेंबरपासून मे अखेरपर्यंत असतो, पण यंदा पहिला थवा तुम्हाला कधी दिसला ती तारीख लिहा. पाच वर्षं अशी तारीख लिहीत गेलात तर ती नोंद पक्षी अभ्यासकांनाही वाचावीशी वाटेल. फेसबुकवर पाच वर्षांच्या तारखा एकत्र काढून दाखवा बरं.

लांबीची चिंता नको. तीनशे शब्दही चालतात. "नमस्कार मित्रांनो, आज आपण पाहणार आहोत" ही ओळ मात्र खोडा. दुसऱ्याची माहिती वापरली असेल तर त्याचं नाव आणि लिंक द्या. ज्याला लिंक देता तो कधीतरी तुमच्यापर्यंत येतो, ब्लॉगवाल्यांच्या ओळखी अशाच होतात. लेखाच्या सुरुवातीला तारीख आणि नंतर दुरुस्ती केलीत तर "शेवटचा बदल" अमुक दिवशी असं लिहा. फोटो फोनमधून थेट चढवू नका, आकार कमी करा. हार्बर लाइनवर रेंज येत-जात असते आणि पाच एमबीच्या फोटोसाठी कुणी थांबत नाही. यंत्राकडून सफाईदार मराठी लेख लिहून घेणं आता सोपं झालंय, पण त्या यंत्राला तलावाच्या कुठल्या काठावर ऊन डोळ्यांवर येतं ते माहीत नाही.

पायरी ५ : आता ग्रुपवर जा

लेख टाकून गप्प बसलात तर पहिले काही महिने वाचक म्हणजे तुमची बहीण आणि ऑफिसातला एक सज्जन. इथे समाजमाध्यमं लागतात, आणि प्रत्येक ठिकाणची रीत वेगळी आहे.

व्हॉट्सॲपवर नुसती लिंक टाकू नका. "भरतीची वेळ बघून जा, नाहीतर रिकामा तलाव दिसेल, वेळापत्रक कसं वाचायचं ते इथे लिहिलंय" अशी दोन वाक्यं आणि खाली लिंक. जिथे प्रश्न विचारला गेलाय त्याच ग्रुपवर. पंधरा ग्रुपवर एकदम टाकणाऱ्याला लोक मनातल्या मनात म्यूट करतात. फेसबुकवर लेखाचा गाभा पोस्टमध्येच लिहा, म्हणजे लिंक न उघडणाऱ्यालाही काही मिळेल. ज्याला तपशील हवा तो येईल. इन्स्टाग्रामच्या कॅप्शनमध्ये लिंक दाबता येत नाही, तेव्हा ती प्रोफाइलमध्ये ठेवा किंवा स्टोरीत लिंकचं स्टिकर लावा.

फेसबुकवरच्या पोस्टखाली एखादा जुना नेरुळकर लिहितो की पूर्वी इथे भातखाचरं आणि मिठागरं होती, आणि कुठे होती तेही सांगतो. ही माहिती सोन्यासारखी आहे आणि आठवड्यात दिसेनाशी होणार आहे. त्यांना विचारून, त्यांच्या नावानिशी ती ब्लॉगवरच्या लेखात घाला. चर्चा तिकडे होऊ दे, नोंद इकडे राहू दे. पुढच्या डिसेंबरमध्ये तोच लेख ताज्या तारखा घालून पुन्हा पाठवा. जुनी फेसबुक पोस्ट पुन्हा टाकताना थोडं ओशाळल्यासारखं होतं, सुधारलेला लेख पाठवताना होत नाही.

गूगल सर्च कन्सोल फुकट आहे, तिथे ब्लॉगची नोंदणी करा. लोक कुठले शब्द टाइप करून तुमच्याकडे आले ते त्यात दिसतं. पुढचा लेख कशावर लिहावा हे तिथून कळतं. वाचकसंख्येचा आलेख रोज उघडून बघण्यापेक्षा हे महिन्यातून एकदा बघा. जाहिरातींच्या उत्पन्नाचा विषय पहिल्या वर्षी काढूच नका.

पायरी ६ : दुसऱ्यांचं शोधून वाचा

बहुतेक मार्गदर्शनात हा भाग गाळलेला असतो, आणि माझ्या मते अर्धा ब्लॉग म्हणजे हेच. नवे विचार येतात कुठून? समाजमाध्यमांच्या फीडमधून येतात, खरं आहे. अनोळखी माणूस अचानक समोर आणून उभा करणं समाजमाध्यमांना जमतं तसं कशालाच जमत नाही. पण तो माणूस उद्या पुन्हा दिसेल याची खात्री नसते. तो आवडला तर त्याचा ब्लॉग आहे का ते बघा आणि ब्लॉग स्वतःच्या यादीत घ्या.

ही यादी बनते ती आरएसएस फीडमधून. संघाशी संबंध नाही. प्रत्येक ब्लॉग आपल्या नव्या लेखांची एक साधी यंत्रवाच्य यादी प्रसिद्ध करत असतो, आणि फीड रीडर नावाचं ॲप अशा सगळ्या याद्या एकत्र करून तारखेच्या क्रमाने दाखवतं. मध्ये कुणी काय वर आणायचं ते ठरवत नाही. गूगलचा रीडर १ जुलै २०१३ ला बंद झाला, तेव्हा पुष्कळ लोकांना वाटलं की फीडच संपले. ते चालूच आहेत. फीडली आणि इनोरीडर वेबवर आणि फोनवर चालतात, फुकट खातं सुरुवातीला पुरतं. आयफोनवाल्यांसाठी नेटन्यूजवायर पूर्ण फुकट आहे.

ब्लॉगचा पत्ता रीडरमध्ये चिकटवला की बहुधा फीड आपोआप सापडतो. नाही सापडला तर वर्डप्रेसच्या पत्त्यामागे स्लॅश आणि "फीड" लावून बघा. ब्लॉगरला स्लॅश फीड्स, स्लॅश पोस्ट्स, स्लॅश डिफॉल्ट, अर्थात इंग्रजी अक्षरांत. यूट्यूबच्या चॅनेललाही फीड असतो, म्हणजे तुमचे आवडते दोन-चार चॅनेल शॉर्ट्सच्या पुरात न उतरता बघता येतात.

यादीत कोण घ्यायचं? मराठी ब्लॉग सापडत नाहीत ही तक्रार मी नेहमी ऐकतो. ते बातमीच्या शब्दांनी सापडत नाहीत. बारीक शब्द टाका, अवतरणचिन्हांत. नुसतं "कोकण प्रवास" टाकलंत तर हॉटेलं येतात, एखाद्या घाटाचं किंवा माशाचं स्थानिक नाव टाकलंत तर माणसं येतात. एक चांगला ब्लॉग मिळाला की त्याच्या बाजूपट्टीतली इतर ब्लॉगांची यादी धुंडाळा. त्यातले बरेच जण कधीच लिहायचे थांबलेले असतील. हरकत नाही, जुनं वाचा. आणि थांबलेलेही यादीत ठेवा, कारण तीन वर्षांनी एखादा अचानक लिहितो तेव्हा फीड रीडरशिवाय ते कुणाला कळणार?

इंटरनेटबाहेरचंही घ्या. ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे. जुन्या मासिकांतला एखादा विसरलेला विषय उचलून त्यावर चार परिच्छेद लिहिलेत तर नेटवर तो विषय मांडणारे कदाचित तुम्हीच पहिले असाल.

वाचून काही सुचलं तर त्या लेखाची लिंक देऊन स्वतःच्या ब्लॉगवर उत्तर लिहा आणि लेखकाला मेल करा. नुसत्या अंगठ्यापेक्षा त्याला हे जास्त आवडेल, आणि तुमचाही एक लेख होईल.

थोडं कायद्याचं

सोसायटीच्या सेक्रेटरीवर रागावून लेख लिहायचा मोह आवरा. बदनामी हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली गुन्हा आहे. त्यात "मी खरंच लिहिलंय" एवढं पुरत नाही, ते लोकहितासाठी आवश्यक होतं हेही दाखवावं लागतं. प्रक्रिया लिहा, माणसाचं नाव नको. लहान मुलांचे चेहरे, शाळेचा गणवेश, घराचा मजला दिसेल असे फोटो टाळा. गूगलवर दिसलेलं चित्र फुकट नसतं, स्वतः काढलेला वाकडा फोटो त्याहून बरा. कवीच्या निधनानंतर ६० वर्षं कवितेचा हक्क वारसांकडे असतो, तेव्हा आवडती कविता पूर्ण टाकण्यापेक्षा दोन ओळी उद्धृत करून त्यावर लिहा.

उचलून नेण्याची तयारी

ब्लॉगरमध्ये सेटिंगमध्ये खाली "बॅक अप" असतं, वर्डप्रेसमध्ये "टूल्स"खाली "एक्स्पोर्ट". दर तीन महिन्यांनी ती फाइल उतरवून ईमेलवर स्वतःलाच पाठवा; फोटो वेगळे जपा, कारण या फायलीत ते येत नाहीत. ब्लॉगरची फाइल वर्डप्रेसमध्ये चढवता येते, म्हणजे घर बदलायला अडचण नाही. फीड रीडरमधली यादीही ओपीएमएल फाइल म्हणून बाहेर काढता येते. फेसबुकवरचे मित्र असे दुसरीकडे नेता येत नाहीत. लेखात महापालिकेच्या किंवा सिडकोच्या एखाद्या पानाची लिंक दिली असेल तर ते पान इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये त्याच दिवशी जतन करा. सरकारी पानांचे पत्ते बदलत राहतात, जतन केलेली प्रत तारखेसकट राहते. तिचीही लिंक लेखात मूळ लिंकेशेजारी द्या.